पीअर रिव्ह्यू : ‘समकक्ष’, ‘पंच’ की ‘परीक्षण’?

प्रश्न : मायकेल फॅरेडे यांच्या धातूंच्या चुंबकत्वावरील संशोधनाविषयीचा लेख मी मराठीत आणत आहे. बिस्मथ या धातूची कांडी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगली, की ती लोखंडाप्रमाणे ध्रुवांकडे न वळता आडवी स्थिरावते, हे त्यांनी १८४५ मध्ये दाखवले. इथवर अडचण आली नाही. त्या काळी रॉयल सोसायटीत, म्हणजे लंडनच्या विज्ञानसंस्थेत, निबंध छापण्यापूर्वी तपासून घेत, त्याला मी ‘पीअर रिव्ह्यू’ (त्याच विषयातल्या जाणकारांनी केलेली तपासणी) या अर्थी ‘समकक्ष समीक्षा’ म्हटले. संपादकांनी त्याचे ‘समवयस्कांचे पुनरावलोकन’ केले. यात वयाचा काय संबंध?

उत्तर : ‘समवयस्क’ चूकच आहे, परंतु ‘समकक्ष’ही त्या काळाला लागू नाही. ‘पीअर रिव्ह्यू’ हा शब्दप्रयोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. सोसायटीची निबंध समिती १७५२ पासून मतदानाने निर्णय घेई. लेखी अहवालाची सूचना ब्रिटिश विद्वान विल्यम ह्यूएल यांनी १८३१ मध्ये केली आणि अहवाल देणाऱ्याला पुढे ‘रेफरी’ म्हणू लागले. सरळ ‘परीक्षक’ लिहावे.

उत्तर : रेफरीला आपल्याकडे ‘पंच’ हा रुळलेला शब्द असताना संस्कृताकडे का धावायचे?

उत्तर : पंच दोन पक्षांत निवाडा करतो, इथे पक्ष एकच असतो. खगोलशास्त्रज्ञ एअरी यांच्या निबंधावर ह्यूएल आणि गणितज्ञ लबक या दोन परीक्षकांचेच आपसांत जुळेना, कारण एकाला निबंधाचे महत्त्व सांगायचे होते आणि दुसऱ्याला त्यातील चुका. मला ‘पारख’ जवळचा वाटतो, आणि तोही ‘परीक्षा’वरूनच आला आहे. माझे आजोबा सराफ होते. ते कसोटीवर गिऱ्हाइकाच्या सोन्याची रेघ ओढत, शेजारी माहीत असलेल्या कसाची दुसरी रेघ ओढत आणि दोन्हींचा रंग ताडून पाहत. ‘समकक्ष’ मधला ‘सम’ मला त्या शेजारच्या रेघेत दिसतो.

उत्तर : शेजारचा विषय निघालाच आहे, तर चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या पदार्थांसाठीचा ‘पॅरामॅग्नेटिक’ हा शब्दही ह्यूएल यांनीच १८५० मध्ये फॅरेडेंना सुचवला. त्यातला ‘पॅरा’ म्हणजे ‘लगत, बाजूने’, त्यामुळे ‘पराचुंबकत्व’ लिहिणाऱ्यांनी ग्रीक उपसर्गाला संस्कृत ‘परा’ समजून घोटाळा केला आहे. ‘समचुंबकत्व’ हाच योग्य शब्द आहे.

उत्तर : मुळीच नाही. ध्वनी जुळला, की विद्यार्थ्याला शब्द लक्षात राहतो, आणि परिभाषेत त्याचे मोल व्युत्पत्तीहून अधिक आहे.

प्रश्नकर्ती : चुंबकत्वाचे पुढे पाहू. ‘परीक्षण’ लिहून पाहिले, तर एका वाचकाला ते पुस्तक परीक्षणासारखे, म्हणजे छापून झाल्यानंतरचे वाटले. तूर्त ‘प्रसिद्धीपूर्व परीक्षण’ असे लिहिले आहे, पण ते प्रत्येक परिच्छेदात चार वेळा येते.