छोट्या तलावावर मासे हवेत की सोयी?

गळकरी:
"सार्वजनिक तलावांत मासे उरले नाहीत; काठ बांधून घ्यावा, दिवे लावावेत, दरवर्षी मत्स्यबीज सोडावे, म्हणजे मासेमारी आणि पर्यटन दोन्ही साधेल" असे मत येथे मांडले गेले आणि त्याला इतका पाठिंबा मिळाला की सविस्तर लिहिणे भाग पडले. ज्या तलावावर मी लहानपणापासून गळ टाकत आलो, त्याचा काठ बांधताना लव्हाळा आणि पाणकणीस मुळासकट उपटले गेले. पिल्ले जिथे बगळ्यांपासून आणि मोठ्या माशांपासून लपत, तो गुडघाभर पाण्याचा पट्टाच नाहीसा झाला आणि भिंतीला लागून थेट खोल पाणी आले. त्यानंतर तिथे तळहातापेक्षा मोठा मासा क्वचितच लागतो. दिवे मात्र रात्रभर जळतात.

तळठाव:
आपल्या तळमळीबद्दल शंका नाही, परंतु मूळ गोष्टच सुटली आहे. रोहू, कटला आणि मृगळ यांना प्रजननासाठी पुराचे वाहते पाणी लागते. साचलेल्या तलावात ते सहसा अंडी घालत नाहीत. १९५७ मध्ये पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची पैदास करणे साधले, तेव्हापासून बोटुकलीसाठी, म्हणजे बोटभर वाढलेल्या पिल्लांसाठी, नदीवर अवलंबून राहावे लागत नाही. म्हणजे काठ कच्चा ठेवला तरी बीज सोडावेच लागणार. आपले तळहाताएवढे मासे तिलापिया असावेत. त्यांची संख्या बेसुमार वाढते, अन्न पुरत नाही आणि सगळेच खुरटतात.

गळकरी:
ते तिलापियाच आहेत, एवढे आपले म्हणणे मान्य. पण आसरा नसलेल्या पाण्यात सोडलेली बोटुकली बगळ्यांच्याच पोटात जाणार असेल, तर दरवर्षीचा तो खर्च कोणासाठी?

पायवाट:
आपण दोघेही माशांच्या आसऱ्याबद्दल बोलत आहात, माणसांचे काय? वडिलांनी मला गळाला गांडूळ लावायला शिकवले आणि पहाटे त्यांच्याबरोबर जाणे हा माझा आनंद होता. तो सुटला, कारण तलावावरच्या एकमेव स्वच्छतागृहाला कायम कुलूप असे, तेही गंजलेले, आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नसे. पुरुषांना आडोसा पुरतो. मी दुपारपर्यंत पाणी न पिता बसत असे आणि शेवटी जाणेच सोडले. "सोयींनी तलावाचा नाश होतो" हे वाक्य ज्यांना सोयींची गरज भासत नाही, तेच इतक्या सहज लिहू शकतात.

गळकरी:
सोयींनी नाश होतो असे मी म्हटलेलेच नाही. माझ्या तोंडी वाक्ये घालू नयेत.

पायवाट:
मग स्वच्छतागृह हवे, असेही आपण कुठे म्हटले आहे? काठ, लव्हाळा, दिवे, सगळ्यावर लिहिलेत. हे एवढेच सुचले नाही, आणि माझा राग त्यावरच आहे.

तळठाव:
स्वच्छतागृह जरूर असावे. मात्र त्याचे सांडपाणी तलावात झिरपले, तर शेवाळ माजते. दिवसा ते प्राणवायू सोडते, रात्री तोच वापरते, त्यामुळे पहाटेपूर्वी पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. दर लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅमच्या खाली मासे ताणाखाली येतात. २ च्या खाली उतरल्यास पहाटे ते पृष्ठभागावर तोंडे वासून तरंगताना दिसतात.

पायवाट:
म्हणून ते बांधूच नये काय? हीच सबब मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. शेवाळ माजवायला भेट देणारे फेकतात तो पावही पुरेसा आहे, आणि झुडपांत अडकून पक्ष्यांचे पाय कापणारा तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तर मासेमारांचाच असतो.

गळकरी:
तंगुसाबाबत उत्तर नाही. ते मी पाहिले आहे. स्वच्छतागृह काठापासून दूर, उताराच्या विरुद्ध बाजूला बांधावे आणि रोज उघडावे, याला माझी हरकत नाही. काठाचा निम्मा भाग मात्र कच्चाच राहिला पाहिजे. त्यावर मी माघार घेणार नाही.

पायवाट:
निम्मा राहू द्या. किल्ली कोणाकडे असेल, ते आधी ठरवा.