मदत हवी आहे: खाद्य बदललं आणि फॅट उतरलं, गायीची जनुकं खरंच ‘मंदावतात’ का?

नमस्कार मंडळी. आम्ही डिचोली तालुक्यातले. गोठ्यात दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी आणि एक श्वेतकपिला, म्हणजे आपली गोव्याचीच गावठी. चवथीला दुधाला मागणी असते म्हणून भावाने संकरित गायींचा मक्याचा भरडा वाढवला, वर रोज सोयाबीन तेल सुरू केलं. बांधावर कोवळं गवत फुकट मिळतंय म्हटल्यावर पेंढा जवळजवळ बंद. दूध वाढलं थोडं, पण सोसायटीत फॅट ३.९ वरून २.८ वर आलं. दर फॅटवरच, त्यामुळे वाढलेल्या दुधाचा फायदा तिथेच जिरला. श्वेतकपिलेला भरडाही नाही, तेलही नाही. तिचं फॅट होतं तिथेच आहे.

डॉक्टर म्हणाले, खाद्यामुळे कासेतली जनुकं मंदावली. घाईत होते, पुढे विचारता आलं नाही. जनुकं तर जन्माची ना? मग पेंड-भरड्याने ती कशी बदलतील? आणि पोटातल्या वासराला हे लागेल का?

उत्तर १
जनुक बदलत नाही, त्याचं काम कमी-जास्त होतं. दुधातली निम्मी-अधिक चरबी कासेला रक्तातून तयार मिळते, बाकीची कास स्वतः बनवते, मुख्यतः ॲसिटेटपासून. पोटात तंतुमय चारा आंबला की ॲसिटेट तयार होतं. पेंढा गेला, भरडा वाढला की पोट आम्लाकडे झुकतं आणि जंतूंची वस्ती बदलते. सोयाबीन तेलातल्या लिनोलिक आम्लाचं मग वेगळ्याच वाटेने रूपांतर होऊन ‘ट्रान्स-१०, सिस-१२ सीएलए’ नावाचं मेदाम्ल तयार होतं. रक्तातून ते कासेत पोचलं की एसआरईबीपी-१ हा नियंत्रक मंदावतो आणि त्याच्या हाताखालची चरबी बनवणारी जनुकं कमी चालतात. २००० साली कॉर्नेल विद्यापीठात हेच मेदाम्ल दिवसाला फक्त १० ग्रॅम गायींच्या थेट चौथ्या पोटात (चारा आंबतो त्या पोटाच्या पुढे) सोडलं, तर चरबी चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. दूध मात्र घटलं नाही. तुमच्या गोठ्यातही तोच प्रकार दिसतोय.

वासराची काळजी नको. तेल थांबवा, भरडा हळूहळू कमी करा, पेंढा आधी घालून मग भरडा द्या. दोन-तीन आठवड्यांत फॅट वर येतं. नाहीच आलं तर पोटातलं आम्ल तपासून घ्या; पातळ शेण आणि रवंथ कमी, ही त्याची खूण.

धागाकर्ता
आभार! शेण पातळच आहे. तेलाऐवजी खोबऱ्याची पेंड चालेल का? घरचीच मिळते. आणि शेजारी शेळ्यांना तेल देतात, त्यांचं फॅट उलट वाढलंय, ते कसं?

उत्तर १
खोबऱ्यात लिनोलिक कमी, त्यामुळे हा धोका कमी. पण पेंड ताजी हवी, आपल्या दमट हवेत ती लवकर खवट होते. शेळीचं वेगळं: तेल दिल्यावर तिचं फॅट बहुधा वाढतंच. गायीचा हिशोब तिला लावू नका.

धागाकर्ता
बरं. उद्यापासून पेंढा चालू. भावाला तेलाबद्दल कोण सांगणार, तेवढंच बघायचंय.