मदत हवी आहे: क्लोजिंग डिस्क्लोजरमध्ये कमिशन चुकीच्या रकान्यात

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत घर घेतोय, क्लोजिंग (सह्या आणि पैशांचा अंतिम व्यवहार) पुढच्या आठवड्यात. लेंडरने (कर्ज देणाऱ्या संस्थेने) क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे कर्जाच्या अटी आणि कोण किती खर्च देणार याचा अंतिम तक्ता, पाठवलंय. दुसऱ्या पानावर एच विभागात सेलरच्या एजंटचं कमिशन सेलरच्या रकान्यात आहे, ते ठीक. पण आमच्या एजंटचे अडीच टक्के चक्क आमच्या रकान्यात! खरेदी करारात ते सेलर देणार असं स्पष्ट लिहिलंय, आणि तिसऱ्या पानावर सेलर क्रेडिटही (सेलर आमच्या खर्चापोटी देतो ती रक्कम) शून्य. एजंट म्हणतो टायटल कंपनीला (मालकी हक्क तपासून क्लोजिंग पार पाडणारी कंपनी) विचारा, टायटलवाले लेंडरकडे बोट दाखवतात. नेहमीचंच!

दुरुस्तीसाठी वकिलाकरवी लेंडरला लिहायचं का? एपीआर (शुल्कं धरून कर्जाचा वार्षिक दर) ठरलेल्या फरकाच्या मर्यादेबाहेर गेला, लोनचा प्रकार बदलला किंवा प्रीपेमेंट पेनल्टी (मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड) जोडली, तरच डिस्क्लोजर मिळाल्यावर क्लोजिंगआधी थांबायचे तीन दिवस नव्याने मोजतात ना? म्हणजे यापायी क्लोजिंग लांबायला नको. अलीकडे कोणाचं असं झालंय?