मोबाइलमुळे निन्टेन्डो बसणार?

काही जण म्हणतात की फोनवर गेम फुकट मिळतात, त्यात स्टीम डेकसारखे (हातात धरून खेळायचं यंत्र) स्पर्धक आलेत, मग निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीचा शेअर धरून ठेवण्यात अर्थ नाही. २०११ सालीही अगदी हेच बोललं जात होतं, म्हणून थोडी भर घालतो.

निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं यंत्र थ्रीडीएस फेब्रुवारी २०११ मध्ये जपानात २५,००० येनला आला. पडद्याच्या उजवीकडची बारीक पट्टी वर सरकवली की चष्म्याशिवाय चित्राला खोली येते. माझा अजून चालतो. पण सुरुवातीला त्यावर खेळावेत असे दमदार गेमच नव्हते. विक्री रखडली, ऑगस्टमध्ये किंमत थेट १५,००० येनवर आणावी लागली आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. वर्षअखेरीस मारिओ आणि मारिओ कार्ट आले नि गाडी रुळावर आली. शेवटी साडेसात कोटींहून जास्त थ्रीडीएस खपले. सोनीचं तसंच यंत्र व्हिटा ताकदीने सरस होतं, तरी मागेच पडलं.

त्यामुळे मी स्पर्धकाची चिप बघत नाही, किंमत आणि येणारे गेम बघतो. निन्टेन्डोच्या नव्या यंत्राची, स्विच २ ची, विक्री जून २०२५ मध्ये पहिल्या ४ दिवसांत ३५ लाखांवर गेली, पण ती पहिली झुंबड चाहत्यांची असते. खरा अंदाज यंत्र आल्यानंतरच्या दुसऱ्या नाताळात येतो.

आणि गर्दीमागे धावू नका, ही कळकळीची विनंती. जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो या मोबाइल गेमच्या लाटेत निन्टेन्डोचा शेअर दुपटीपर्यंत चढला होता. आपल्या नफ्यावर फारसा परिणाम होणार नाही असं कंपनीनेच सांगितलं, तेव्हा एका दिवसात सुमारे १८ टक्के कोसळला.