नोकरी सोडून स्वतःचं चालू करतोय, जुने क्लायंट घेतले तर कंपनी केस करेल का?

पगारपत्रक_पुणे: पेरोलचं काम करणाऱ्या कंपनीत ७ वर्षं झाली, आता स्वतःचं चालू करतोय. ऑफर लेटरमध्ये लिहिलंय की सोडल्यावर २ वर्षं कंपनीच्या क्लायंटला गाठायचं नाही आणि इथला माणूस फोडायचा नाही, तेव्हा न वाचताच सही ठोकली होती. चाकणचे दोन क्लायंट स्वतःहून म्हणतायत तू जाशील तिथे आम्ही येतो. एचआर म्हणते नोटीस पाठवू. खरंच काही करू शकतात का?

काळा_कोट: कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२, कलम २७. धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. २००६ ची झहीर खानची केस (हो, आपला श्रीरामपूरचा बोलर) बघा, त्याच्या एजन्सीला करार संपल्यावरही त्याच्या पुढच्या करारांवर पहिला हक्क हवा होता, सुप्रीम कोर्टाने नाही दिला. पण नोटीस पिरियडमध्ये तुम्ही अजून त्यांचेच नोकर. १९६७ मध्ये कल्याणच्या रेयॉन कारखान्यातला माणूस करार चालू असताना सोडून दुसरीकडे गेला तेव्हा बंधन वैध धरलं होतं. म्हणून लास्ट डेच्या आधी क्लायंटशी रेटचं बोलूच नका. क्लायंट आपणहून आला तर गोष्ट वेगळी, तुम्ही यादी घेऊन फोन फिरवत बसलात तर कोर्ट वेगळ्या नजरेने बघू शकतं.

गाळा_नं_१२: मला आली होती नोटीस. कोर्टात कोणी गेलं नाही पण रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनल (शेवटच्या हिशोबाचे पैसे) अडकवून ठेवलं आणि वकिलाला उत्तराचे पैसे गेले ते वेगळेच. क्लायंटच्या डेटाची एक्सेल मात्र अजिबात घरी मेल करू नकोस भावा, त्यांचं आयटी सगळं बघतं.

काळा_कोट: अगदी. खरा धोका डेटाचाच. २००६ मध्येच दिल्ली हायकोर्टाने फर्म सोडताना कॉपी केलेला डेटा वापरायला वकिलांना मनाई केली होती, वकिलांना!

मालक_भोसरी: माझ्याकडे कामाला असलेली मुलं पण अशीच गेली, राग येतो. शिकवायचं आम्ही आणि क्लायंट घेऊन जायचा यांनी. पण क्लायंट काय कोणाच्या बापाचा नसतो.

पगारपत्रक_पुणे: थँक्स सगळ्यांना. आणि सोबतचा एक जण येतो म्हणतोय, त्याचं काय?

काळा_कोट: त्याला त्याचा राजीनामा त्याच्या मनाने देऊ दे. आणि व्हॉट्सॲपवर 'चल ये माझ्याकडे' असलं काही लिहून ठेवू नका, नोटिशीला तेच जोडतील.