ते १९०२ चं रिंक १९२७ सालीच जळून गेलंय हो!

यूपीकर (मिशिगनचा)

गेल्या आठवड्यात शब्दसखा यांनी इथे "आठ हजार वस्तीच्या गावाने जगाला काय दिलं!" असा लेख टाकला. गाव होटन, मिशिगन. लेखाचं सार असं: गावकऱ्यांनी १९०२ साली वर्गणी काढून अँफिड्रोम नावाचं आइस हॉकीचं रिंक बांधलं, एनएचएल (उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी हॉकी लीग) तिथेच जन्मली, तीच इमारत आजही दिमाखात उभी आहे. आणि शेवटी ठेवणीतला टोला, "आपल्याकडे असं का होत नाही?" खाली 'नतमस्तक'ची रांग.

मी होटनला एमएस करताना अडीच वर्षं काढलीत. (तो भाग म्हणजे अप्पर पेनिन्सुला, सगळे 'यूपी'च म्हणतात. माझी आई शेजाऱ्यांना सांगायची, मुलगा उत्तर प्रदेशात शिकतो.) त्यामुळे गप्प बसवेना.

अँफिड्रोम १९०२ चं, मान्य. पण ९ जानेवारी १९२७ ला ते जळून खाक झालं. त्याच जागी, पोर्टेज कालव्याच्या काठावर, दुसरं बांधलं, आणि १९४३ पासून त्याला डी स्टेडियम म्हणतात. जेम्स डी हा तिथला व्यावसायिक, जुनं रिंक उभं राहिलं त्यात त्याचा पुढाकार. आता एनएचएल. ती १९१७ ची, माँट्रियलची. होटनच्या पुढाकाराने निघाली ती इंटरनॅशनल हॉकी लीग, १९०४ ते १९०७, जेमतेम तीन हंगाम. संघ पाच: होटनचा पोर्टेज लेक्स, कॅल्युमेट, पिट्सबर्ग, आणि नदीच्या दोन काठांवरची दोन सू सेंट मारी, एक अमेरिकेतलं, एक कॅनडातलं. पहिली संपूर्ण पगारी लीग, एवढंच.

आणि वर्गणी? ती आपल्या गणेशोत्सवातून तिकडे गेली असावी. तिथे पैसा होता तांब्याचा. खाणी जोरात होत्या म्हणून गाव कॅनडातून खेळाडू पगार देऊन आणू शकत होतं.

लेखात ज्याचं नावच नाही तो माणूस खरा मजेशीर. डॉक गिब्सन. ऑन्टारिओत हौशी हॉकी खेळायचा. जिंकल्यावर प्रत्येकी दहा डॉलरचं सोन्याचं नाणं मिळालं, म्हणून असोसिएशनने अख्ख्या संघालाच बाहेर काढलं. मग हा होटनला येऊन दवाखाना थाटून बसला. धंदा दंतवैद्याचा! या खेळात गिऱ्हाईक आपोआप तयार होतं.

शब्दसखा

मूळ लेखक मीच. तारखा तपासायला हव्या होत्या, चूक मान्य. एनएचएलचंही मान्य, घ्या. पण देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणून देव नवा होतो का? जागा तीच, गाव तेच, खेळ तोच. माझ्या दृष्टीने ते १९०२ चंच रिंक. तुम्ही इंजिनिअर मंडळी फळ्या मोजत बसा.

पिट्सबर्गची मावशी

'पहिली पगारी' म्हणताना जरा दमानं. आमच्या पिट्सबर्गात इंटरनॅशनल लीगच्या आधीपासून खेळाडूंना पैसे मिळत होते. ड्यूकेन गार्डन रिंकमध्ये कृत्रिम बर्फ होता तेव्हा, बाहेर ऊन पडलं तरी आत खेळ चालू. होटनने काय केलं, तर आमचीच कल्पना गारठ्यात नेली. छोट्या गावाची गोष्ट असली की सगळ्यांना गहिवरून येतं, धुराड्यांच्या शहराचं कौतुक कोणाला!

यूपीकर (मिशिगनचा)

मावशी, म्हणूनच 'संपूर्ण' हा शब्द घातलाय. पिट्सबर्ग एकटं पैसे देत होतं, इथे सगळी लीग देत होती. आणि १९०४ च्या मार्चमध्ये होटनने माँट्रियल वाँडरर्स या कॅनडाच्या संघाला घरी बोलावून दोन्ही सामने मारले. ते तुमच्या कृत्रिम बर्फाला नाही जमलं.

हॉकीआई

इतिहास राहू दे, मला एक सांगा. लहान मुलांना बर्फावर पहाटे पाच पन्नासचीच वेळ का मिळते? माझी मुलगी अकरा वर्षांची, डेट्रॉइटजवळ खेळते. शनिवारी साडेचारला उठायचं, डब्यात पोहे, आणि मागच्या सीटवर ती बॅग. त्या हातमोज्यांचा वास! मेलेला उंदीर शोधत नवऱ्याने अख्खी गाडी उपसली होती. रिंकवाल्यांनी एकदा शंभर डॉलर जास्त लावले, विचारलं तर म्हणे 'आइस फी'. मग आतापर्यंत काय वाळूवर खेळत होती?

रांगडा पैलवान

आमच्या कोल्हापूरचं खासबाग मैदान १९१२ चं आहे. शाहू महाराजांनी बांधलं. आखाडा जळला नाही, आजही खासबागच म्हणतात. संपला विषय.

यूपीकर (मिशिगनचा)

पैलवान, मातीचा आखाडा जळणार कसा?

गिरणगावचा नातू

सगळे होटनमध्येच अडकलात. वीस किलोमीटरवर कॅल्युमेट आहे. तिथलं कोलोसियम रिंक १९१३ चं, अजून चालू. खंडातलं सगळ्यात जुनं चालू इनडोअर रिंक असा त्यांचा दावा आहे. यूपीकर 'तांब्याचा पैसा' म्हणून पुढे सटकले. त्या १९१३ साली तिथे काय चाललं होतं?

२३ जुलैला खाणकामगार संपावर गेले. आठ तासांचा दिवस हवा, युनियनला मान्यता हवी, आणि एकट्याने चालवायचं ड्रिल बंद करा. आधी ड्रिलवर दोघे असत. एकाला काही झालं तर दुसरा हाक मारायला. कंपनीने एक माणूस वाचवला. कामगार त्या यंत्राला 'विधवा करणारं' म्हणायचे. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. दोन साच्यांवरचा माणूस चार साच्यांवर उभा केला की कापड तेवढंच निघतं, माणूस लवकर संपतो, हे ते मरेपर्यंत सांगायचे.

२४ डिसेंबरला संपकऱ्यांच्या मुलांसाठी इटालियन हॉलमध्ये माडीवर ख्रिसमसचा कार्यक्रम होता. कोणीतरी 'आग' म्हणून ओरडलं. आग नव्हतीच. जिन्यात चेंगरून ७३ माणसं गेली, बहुतेक मुलं. ती इमारत १९८४ ला पाडली, दाराची कमान तेवढी ठेवलीय. रिंक जपलं, हॉल पाडला. करा नमन.

आणि कॅल्युमेट अँड हेक्ला कंपनीचा मॅनेजर जेम्स मॅकनॉटन, ज्याने युनियनला मान्यता देणं साफ नाकारलं, त्याने त्याच १९१३ साली हॉकीसाठी चांदीचा चषक दिला. तीन फुटांच्या आसपास उंच, वजन चाळीस पौंड. कॉलेजची मुलं आजही तो डोक्यावर घेऊन नाचतात.

शब्दसखा

आलंच. कशातही वर्गसंघर्ष घुसडायचा. मॅकनॉटनने चषक दिला, विष नाही दिलं. कामगारांची पोरंही त्याच बर्फावर खेळली असतील ना? तुमच्या संपाने काय दिलं गिरणगावाला? मॉल! १९८२ ला अडीच लाख माणसं रस्त्यावर आली, कोणी आणली?

गिरणगावचा नातू

'तुमच्या संपाने'? माझा बाप त्या अडीच लाखांत होता. दीड वर्ष आई पापड लाटून घर चालवत होती. मॉल संपाने नाही बांधले, गिरणीची जमीन विकणाऱ्यांनी बांधले. न वाचता इथे येऊन अक्कल शिकवू नका.

पिट्सबर्गची मावशी

शब्दसखा, हे चुकलंच तुमचं. आमच्या गावच्या पोलादवाल्यांनी गावोगाव ग्रंथालयं बांधून दिली, तरी १८९२ च्या होमस्टेडच्या पोलाद कामगारांच्या संपातला गोळीबार इथे कोणी विसरलेलं नाही. दोन्ही लक्षात ठेवता येतं.

यूपीकर (मिशिगनचा)

नातू यांचा मुद्दा मी टाळला हे खरं. मी तो चषक पाहिलाय. मिशिगन टेक विद्यापीठाची मॅच होती, बाहेर उणे वीस, पापण्यांवर बर्फ. काचेच्या कपाटासमोर फोटो काढला, खालची पाटी वाचली, 'जेम्स मॅकनॉटन' म्हणजे कोणी हॉकीपटू असेल असं वाटलं. अडीच वर्षं तिथे राहून संप हा शब्द माझ्या कानावर एकदाच आला, तोही केस कापणाऱ्या म्हाताऱ्याकडून. त्याची आजी फिनलंडहून आलेली. तो एवढंच म्हणाला, आमच्या घरात त्या कपाला हात लावत नाहीत. मी हसण्यावारी नेलं होतं.

पण 'रिंक जपलं, हॉल पाडला' हे जरा जास्त सुबक वाटतं. रिंक जपलं कारण हिवाळा सहा महिन्यांचा असतो आणि पोरांना कुठेतरी डांबायला लागतं. कॅल्युमेटचंच आधीचं रिंक, पॅलेस्ट्रा, लोरिअम गावातलं. ते १९२१ ला सुटं करून मार्क्वेटला नेलं. तिथेही शेवटी पाडलंच. जुनं म्हणून तिकडे कोणी काही जपत नाही, वापरात असेल तर राहतं.

गिरणगावचा नातू

वापरात असेल तर राहतं, आणि वापरायचं कोणाचं हे मॅनेजर ठरवतो. पण न्हाव्याची गोष्ट आधीच सांगितली असती तर एवढं टंकायला लागलं नसतं.

शब्दसखा

लेख सुधारला आहे. आता वाक्य असं: "१९०२ साली बांधलेलं, १९२७ ला जळालेलं, पुन्हा बांधलेलं, नाव बदललेलं, वर्गणी न काढलेलं, एनएचएलशी संबंध नसलेलं रिंक." नतमस्तक व्हायला आता कोणी उरलं असेल तर बघा. नातूसाहेब, तुमच्या वडिलांचं मला माहीत नव्हतं. 'तुमच्या' हा शब्द मागे घेतो. बाकीचा नाही.

रांगडा पैलवान

म्हणूनच म्हटलं, माती बरी.

हॉकीआई

हातमोज्यांच्या वासावर कोणाकडे उपाय आहे का? बेकिंग सोडा झाला, व्हिनेगर झालं, बाल्कनीत रात्रभर उणे दहात टांगून पाहिले. सकाळी दगड झाले होते, वास तसाच. उद्या पाच पन्नासला परत बर्फ आहे.

यूपीकर (मिशिगनचा)

ताई, नवीन घ्या.