परवडणारी ऑल-व्हील ड्राइव्ह सेडान: चालवणाऱ्यांनी अनुभव लिहा

घरची गाडी बदलायची आहे. रोजच्या रस्त्यावर एक चांगला चढ आहे, हिवाळ्यात बर्फ पडतो, उरलेले दिवस पाऊस. ज्याला विचारावं तो म्हणतो, एसयूव्ही घे. मला उंच गाडी नको आहे. आजींना पायरी चढल्यासारखं चढावं लागतं आणि धाकट्याला मागे बसलं की मळमळतं. त्यामुळे चारही चाकांना ओढ मिळणारी, पण साधी घरगुती सेडान घ्यावी असं डोक्यात आहे. महागड्या जर्मन गाड्यांबद्दल रग्गड वाचायला मिळतं. साध्या गाड्यांबद्दल मिळतं ते माहितीपत्रकातलं, आणि त्यात प्रत्येक गाडी बर्फातून हसत हसत जाते.

ज्यांनी अशी गाडी निदान एक हिवाळा वापरली आहे त्यांनी कृपया लिहा. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे नको. निसरड्यावर काय वाटतं, खर्च कुठे वाढतो, मागच्या सीटवरची माणसं काय म्हणतात, ते सांगा.

जुना चालक

आमच्याकडे सुबारू लेगसी आहे. २.५ लिटरचं इंजिन, पिस्टन उभे नाहीत, समोरासमोर आडवे, त्यामुळे इंजिनाचं वजन खाली राहतं. चारही चाकांना ओढ कायम असते, कुठलंही बटण दाबायचं नाही. बर्फाळ चढावर सिग्नलला थांबून पुन्हा निघायची वेळ आली की फरक कळतो. शेजारच्या फ्रंट-व्हील (फक्त पुढच्या चाकांना ओढ असलेल्या) गाडीची चाकं जागच्या जागी गरगर फिरत असतात, ही मात्र काही घडलंच नसल्यासारखी निघते. एरवी गाडी शांत, थोडी सुस्त. ओव्हरटेकला सीव्हीटी (पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आवाज आधी करतो, वेग नंतर देतो. तक्रार नाही, सवय झाली.

एक लक्षात ठेवा, अमेरिकेत लेगसीचं उत्पादन २०२५च्या मॉडेलनंतर बंद झालं आहे. वापरलेली घेणाऱ्याला चांगला पर्याय आहे, पण नवी घ्यायची तर इम्प्रेझा हॅचबॅक नाहीतर दुसरी कंपनी.

उतारावरचा

चढाचं वरच्यांनी लिहिलंच आहे, मी उताराचं लिहितो. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे ढकलते. थांबवत नाही. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चार चाकांना असतात. आमच्या घराजवळ उतार संपता संपता डावीकडे वळण आहे. गोठलेल्या सकाळी तिथे ब्रेक दाबला की पायाखाली एबीएसची (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) कडकड सुरू होते, स्टीअरिंग डावीकडे वळलेलं असतं आणि गाडी तरीही दोन क्षण सरळच जात राहते. ओढ किती चाकांना आहे याच्याशी त्या दोन क्षणांचा काहीही संबंध नाही. तिथे फक्त टायर आणि वेग.

धोका असा की ही गाडी निघताना, चढताना इतकी सहज वागते की रस्ता किती निसरडा आहे याचा अंदाजच येत नाही. फ्रंट-व्हीलमध्ये चाक फिरलं की माणूस सावध होतो. इथे ती सूचना मिळत नाही. म्हणून मी वस्ती सोडायच्या आधी, मागेपुढे कोणी नाही बघून, एकदा हलकेच ब्रेक दाबून बघतो. रस्ता कसा आहे ते तिथे कळतं.

टायरवाली

टायरचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण खरा खर्च इथे आहे. आमच्या गाडीचा एक टायर बाजूने फाटला. बाकीचे तीन निम्मे झिजलेले. दुकानदार म्हणाला, चारही बदला. आधी वाटलं गंडवतोय. घरी येऊन मॅन्युअल काढलं, त्यात तेच लिहिलं होतं.

कारण साधं आहे. नवा टायर जुन्यापेक्षा किंचित मोठा असतो, म्हणून तेवढंच अंतर जायला तो कमी फेरे घेतो. पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगात असा कायमचा फरक राहिला की पुढे-मागे ओढ वाटून देणारा मधला क्लच किंवा डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) सरळ रस्त्यावरसुद्धा सतत घासत, तापत राहतं. कित्येक गाड्यांना नक्षीच्या खोलीत साधारण दीड मिलिमीटरपर्यंतच फरक चालतो. गाडीगणिक आकडा वेगळा, आपलं मॅन्युअल बघा. काही दुकानांत नवा टायर तासून जुन्यांच्या मापाचा करून देतात, तीन टायर बरे असतील तर तो मार्ग स्वस्त पडतो. आणि चाकांची अदलाबदल वेळेवर करत जा, म्हणजे चारही सारखे झिजतात. डिकीतली छोटी स्टेपनी लावून लांब जायचं नाही, ही तीच गोष्ट.

दोन चाकं पुरे

मी थोडा विरोधी सूर लावतो. माझी साधी फ्रंट-व्हील सेडान आहे आणि हिवाळ्यात चार विंटर टायर. तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की उन्हाळी टायर कडक होऊ लागतो, विंटर टायरचं रबर मऊ राहतं आणि बर्फात दात रोवतं. थांबायला, वळायला, निघायला, तिन्हीला उपयोग. ऑल-व्हीलचा उपयोग फक्त निघायला. ज्याच्याकडे एकाचेच पैसे आहेत त्याने टायर घ्यावेत. ऑल-सीझन टायरवरची ऑल-व्हील गाडी मी खड्ड्यातून ओढून काढली आहे.

उतारावरचा

सहमत. पण धागाकर्त्यांचा रोजचा रस्ता चढाचा आहे. तिथे विंटर टायर लावूनही फ्रंट-व्हील कधीकधी हरते, कारण चढावर वजन मागच्या चाकांवर सरकतं आणि ओढणारी पुढची चाकं हलकी होतात. दोन्ही घेता आलं तर प्रश्नच मिटला.

कॅम्रीकर

टोयोटा कॅम्री, २०२०नंतरची, ऑल-व्हील. माहितीसाठी, अमेरिकेत कॅम्रीला १९८८च्या सुमारासही ऑल-ट्रॅक नावाने हा प्रकार मिळत होता, १९९१नंतर बंद झाला आणि थेट २०२०ला परत आला. या पिढीत मागचा भाग त्यांनी आपल्याच राव्ह-फोर या एसयूव्हीचा वापरला. हमरस्त्यावर गरज नसेल तेव्हा मागे जाणारा शाफ्ट (मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा) सुटा होतो, त्यामुळे पेट्रोल वाचतं. तरी फ्रंट-व्हीलपेक्षा मायलेज कमीच. गाडीचं वजन साधारण एका माणसाइतकं वाढतं. माझ्या हिशेबाने पेट्रोलचा फरक पाच ते दहा टक्क्यांत बसतो.

चालवताना सांगायचं तर पावसात गल्लीतून मोठ्या रस्त्यावर वळून एकदम वेग घ्यायचा असतो ना, तिथे ही गाडी मला सगळ्यात आवडते. आधीच्या गाडीत पुढचं आतलं चाक चिरकायचं आणि स्टीअरिंग हाताला झटका द्यायचं. इथे मागून एक ढकल येते आणि काम होतं. बर्फ वर्षातून मोजके दिवस पडतो, ओल्या रस्त्यावरचं वळण रोजचं आहे. ऑल-व्हीलची चर्चा नेहमी बर्फापासून का सुरू होते कळत नाही.

मधली सीट

आमची गाडी तिसऱ्याच कंपनीची, नाव लिहीत नाही कारण तक्रार करणार आहे. मागे जाणाऱ्या शाफ्टसाठी मागच्या सीटपुढे जमिनीला उंचवटा येतो. शोरूममध्ये एकटे बसून बघितलं तर जाणवतही नाही. तिघांना बसवा. आमच्याकडे दोन्ही बाजूंना मुलांच्या सीट आणि मधे माझी नणंद असा बेत झाला. तिचा एक पाय या बाजूला, एक त्या बाजूला, गुडघे हनुवटीशी, आणि डावीकडचा भाचा तिच्या बुटावर बूट ठेवून. तासाभराने ती म्हणाली, मी बसने येते.

बाकी सेडानच्या बाजूने एवढं नक्की: वळणाच्या रस्त्यावर उंच गाडीसारखी डुलत नाही, आमच्या मुलाची मळमळ खूप कमी झाली. आजींचं मात्र उलटं होऊ शकतं. चढून बसणं नको म्हणून सेडान घ्याल, पण खाली वाकून बसणं आणि खालून उठणं गुडघ्यांना त्याहून जड जातं. माझ्या सासूबाईंना मधल्या उंचीची सीट लागते. आजींना बसवून, उतरवून बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

हायब्रिडवाला

उंचवट्यावरून आठवलं. काही हायब्रिडमध्ये पुढून मागे शाफ्टच नसतो, मागच्या चाकांना स्वतंत्र इलेक्ट्रिक मोटर असते. अमेरिकेत २०२५पासूनची कॅम्री फक्त हायब्रिड मिळते आणि तिची ऑल-व्हील याच पद्धतीची. मी याच पद्धतीची दुसरी गाडी वापरतो. निघताना मागची मोटर लगेच मदत करते, वाट बघायला लागत नाही. पण मोटर लहान आहे. खोल बर्फात रुतलेली गाडी तिच्या जोरावर बाहेर येईल अशी अपेक्षा ठेवू नये. शहरातल्या निसरड्या चौकाला पुरेशी.

ग्रीसचे हात

मी गाड्या दुरुस्त करतो. घरच्या गाडीवाले मागचं डिफरन्शियल विसरतात. इंजिन ऑइल सगळे बदलतात, मागच्या डिफरन्शियलचं आणि मधल्या क्लचचं तेल वर्षानुवर्षं तसंच. काही कंपन्या म्हणतात आयुष्यभर बदलावं लागत नाही. आयुष्य कोणाचं, गाडीचं की वॉरंटीचं, ते विचारू नका. आमच्याकडे येणारं तेल काळं असतं, ड्रेन प्लगच्या चुंबकाला राखाडी गाळ चिकटलेला. मी मॅन्युअलमधल्या खडतर वापराच्या तक्त्यानुसार बदलायला सांगतो.

टोइंगचंही सांगतो. गाडी बंद पडली तर पुढची दोन चाकं उचलून मागची रस्त्यावर घासत नेऊ द्यायची नाहीत. पूर्ण गाडी ट्रकवर चढवणारा मागवा. फोनवरच सांगा, ऑल-व्हील आहे म्हणून, नाहीतर हुकवाला येतो आणि वाद होतो.

इतिहासप्रेमी

जरा अवांतर. १९६६ची जेन्सन एफएफ ही चारही चाकांवर चालणारी रस्त्यावरची पहिली नावाजलेली मोटार, पण ती होती श्रीमंतांची. सुबारूने १९७२मध्ये लिओनी वॅगन चारचाकी ओढीची काढली. १९८०ला ऑडी क्वाट्रो गाजली आणि त्याच सुमारास अमेरिकेत एएमसी ईगल आली, तीही सेडानमध्ये मिळायची. रॅलीच्या चषकांमुळे नाव ऑडीचं झालं. घरगुती माणसाला ईगल जास्त जवळची होती, असं माझं मत. असो.

धागाकर्ता

भरभरून लिहिलंत, आभार. एक शंका राहिली. सेडान खाली असते, मग बर्फ साचला तर?

जुना चालक

अडकते. सेडानला जमिनीपासून साधारण १५ सेंटिमीटर मिळतात. त्याहून जास्त ताजा बर्फ असेल तर बंपर नांगरासारखा बर्फ पुढे ढकलत जातो, थोड्या वेळाने गाडी पोटावर टेकते आणि मग चारही चाकं फिरली तरी उपयोग नाही. रस्ते साफ होण्याआधीच निघावं लागत असेल तर उंच गाडीच घ्या. आठ वाजता निघत असाल आणि रस्ता तोवर झाडलेला असेल तर सेडान पुरते.

ग्रीसचे हात

वापरलेली घेत असाल तर चारही टायर एकाच कंपनीचे, सारखे झिजलेले आहेत का ते आधी बघा. मग रिकाम्या, कोरड्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण वळवून अगदी सावकाश गोल फिरवा, दोन्ही बाजूंना. गाडी अडखळत, ब्रेक लावल्यासारखी चालली किंवा मागून टकटक आली तर मधला क्लच गेला आहे. तशी गाडी कितीही चकचकीत असो, सोडून द्या.